नव्वद दिवसांत माती

…नाही, तुम्हीच सांगा, 'ओव्हाळ' लिहायला किती शाई लागते? तीन अक्षरं! 'रिसबूड'ला चार लागतात, ती परवडली. 'सीताराम'ला चार परवडली, 'निवृत्त प्राध्यापक' परवडलं, 'मानद सल्लागार' परवडलं, आणि माझ्यापाशी येईपर्यंत शाई संपली. दारापेक्षा उंच पोस्टर, वर सरांचा फोटो, हाताची घडी, नजर देशाच्या भविष्याकडे, फोटोखाली आमची पिशवी, आणि पार तळाला, उंदराच्या लेंडीएवढ्या अक्षरांत, 'आभार : अभय, मशीन'. म्हणजे अभय नावाचं मशीन, की मशीनवर बसलेला अभय, ते वाचणाऱ्यानं वाकून, चष्मा पुसून ठरवायचं. तुम्हाला सांगतो, आमची पिशवी नव्वद दिवसांत कुजून माती होते. रिसबूड सर होत नाहीत. तिसरं वर्ष आहे, मी वाट बघतोय.

आता पिशवी कसली ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसताच शिव्या घालतोय. आमची कंपनी म्हणजे येरवड्यात एक पत्र्याची शेड, एक मशीन, चार माणसं आणि रिसबूड सर. साबुदाणा ज्या कंदाचा करतात ना, त्याच्या पिठापासून आम्ही पिशव्या करतो. दिसायला थेट प्लॅस्टिक. ओला कचरा भरून खड्ड्यात टाकली की तीन महिन्यांत माती, मातीतून पुन्हा कंद, कंदातून पीठ, पिठातून पिशवी… याला सर्क्युलर इकॉनॉमी म्हणतात. असं वल्लरी म्हणते. वल्लरी मालकीण, बँकेतली बरी नोकरी सोडून हे काढून बसलीय, पीठ सांडलं तर स्वतः झाडू घेते. तिच्याशी माझं भांडण नाही. नव्हतं.

भांडण सरांशी. जुनं आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझी हजेरी भरली चौऱ्याहत्तर टक्के. लागते पंचाहत्तर. एक टक्का! एक टक्का म्हणजे काय हो, दोन तास! ते दोन तास मी कुठं होतो? कॉलेजच्याच वर्कशॉपमध्ये, बंद पडलेलं मशीन उघडून बसलो होतो, हाताला ग्रीस. तेच हात घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी आधी माझे हात बघितले, मग स्वतःची टेबलावरची काच बघितली, आणि म्हणाले… त्यांचा आवाज असा, नाकातून निघतो आणि चष्म्यापाशी थांबतो… "ओव्हाळ, नियम म्हणजे नियम. तुझं डोकं हातात आहे रे. कागदावर उतरत नाही." परीक्षेला बसू दिलं नाही. मीही कॉलेजात पुन्हा कधी बसलो नाही. प्लॅस्टिक पिशव्यांच्या एका कारखान्यात लागलो, मशीन शिकलो, चार वर्षांनी वल्लरीनं बोलावलं, पहिल्या दिवशी शेडमध्ये शिरतो तर खुर्चीत कोण? "अरे, ओव्हाळ! हात धुतलेस का?"

बरं, ते पिठीचं ऐका. आमची पिशवी सुरुवातीला चिकटायची. गुंडाळी झाली की थराला थर असा बसायचा की सोडवताना फाटायचीच. आठ महिने हे चाललं. सर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, पाटीवर सूत्र लिहायचे, शेंगदाण्याची वडी खायचे आणि जायचे. मी शेवटी एका रविवारी घरी बसलो होतो, आई पापड लाटत होती. आता पापडावर पापड ठेवतात तेव्हा मध्ये काय भुरभुरतात? तांदळाची पिठी! का? चिकटू नयेत म्हणून! हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला माहीत आहे, फक्त पॉलिमर विषयाच्या पीएचडीला माहीत नाही. सोमवारी मी आईची पिठी वस्त्रगाळ करून आणली, मशीनच्या तोंडाशी एक चाळण बांधली, गुंडाळी होताना वरून भुरभुरवली. सर्रकन सुटली पिशवी. वल्लरीनं मला मिठी मारायची बाकी ठेवली.

मंगळवारी सर आले. पिशवी चोळून बघितली, वास घेतला, 'हं' म्हणाले. पुढच्या महिन्यात पोस्टर. त्यावर पिठीला पिठी म्हटलेलंच नाही. तिचं नाव झालंय 'स्टार्च-आधारित पृष्ठभाग प्रक्रिया', आणि जनक कोण, तर सीताराम रिसबूड. माझ्या आईचं, शालन ओव्हाळांचं, लाटणं गेलं कुठं? आभारात पण नाही. मशीनचे तरी आभार मानले!

तुम्ही म्हणाल, एवढं काय नावाचं. एवढं आहे. आमचे बाबा, तात्याराव ओव्हाळ, महापालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. आयुष्यभर कागद वाचले, कागदावर विश्वास ठेवला. त्यांच्या आधीच्या सात पिढ्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, असलं तर सावकाराच्या, म्हणून त्यांना कागदाची भूक. माझी बहीण आम्रपाली एम.एस्सी. झाली, ती डिग्री हॉलमध्ये फ्रेम करून. तिच्या शेजारी एक मोकळी जागा. ती जागा माझी होती. मी कॉलेज सोडलं त्याला सहा वर्षं झाली, त्यांनी तिथं कॅलेंडरसुद्धा लावलेलं नाही. मी त्यांना सांगितलं, बाबा, पिशवी न चिकटण्याची युक्ती माझी आहे. त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "कुठे लिहिलंय?"

झालं. कुठे लिहिलंय? मग आमची पिशवी ज्या प्रदर्शनात मांडली होती तिथं मी त्यांना घेऊन गेलो, पोस्टर छापून आलेलं मला ठाऊक नव्हतं. ते पोस्टर बाबांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, वाकून, कमरेवर हात ठेवून. आणि सरळ उभे राहिले ते सरांपुढं हात जोडूनच. "आमच्या मुलाला सांभाळून घेतलंत." सांभाळून! मला! आणि सरांनी नमस्कार घेतला हो, नुसती मान हलवून घेतला, उधारी वसूल केल्यासारखा. पिशवी नव्वद दिवसांत माती होते. रिसबूड सर होत नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस आपल्याला हातानं कुजवावा लागणार.

संधी आली. नागोराव शेठ म्हणून आहेत, मिठाई-फरसाणची सात दुकानं. त्यांनी वल्लरीला सांगितलं, आधी दाखवा, मग सगळ्या दुकानांत तुमची पिशवी. म्हणून चाचणी ठरली. दोन सोसायट्या. एक सदाशिव पेठेतली, सरांचीच इमारत. दुसरी येरवड्यातली, आमची, तिथं सेक्रेटरी कोण, तर बाबा. दोन्हीकडे कंपोस्टचा खड्डा आहे. घरटी पिशव्या द्यायच्या, रोजचा ओला कचरा त्यात भरून पिशवीसकट खड्ड्यात टाकायचा, दाराला तक्ता लावलाय त्यावर टिक करायची, आणि शेवटची पिशवी पडल्यापासून नव्वदाव्या दिवशी नागोराव शेठांसमोर सदाशिव पेठेतला खड्डा उकरायचा. तक्त्याची कल्पना सरांची. हजेरीशिवाय त्यांना चैन कुठली?

मी काय केलं? सरांच्या इमारतीचा गठ्ठा बदलला. साधं प्लॅस्टिक. अस्सल, पातळ, बंदी असलेलं, म्हणून गल्लोगल्ली मिळणारं. जुन्या कारखान्यातला माझा मित्र शहाबाज, त्याला म्हटलं, पांढरट, बिनछपाईच्या पिशव्या हव्यात. तो म्हणाला, कशाला? म्हटलं, बदला घ्यायचाय. त्यानं शांतपणे विचारलं, "किती मायक्रॉनचा?" मी स्वारगेटच्या स्टँडवर उभा राहून तो गठ्ठा घेतला, शेडमध्ये आणला, आमची हिरव्या पानाची चिकटपट्टी एकेका पिशवीवर लावली. आणि हाताला फरक लागू नये म्हणून, ऐका हं, माझ्याच आईची पिठी, माझ्याच चाळणीनं, त्या प्लॅस्टिकला भुरभुरवली. वाईट वाटलं? नाही वाटलं. थोडं वाटलं. पण डोळ्यापुढं चित्र काय होतं? खड्डा उकरलाय, सरांच्या स्वतःच्या दारात, सगळी इमारत जमलीय, आणि मातीतून एकेक पिशवी निघतेय, जशीच्या तशी, धुतल्या तांदळासारखी! सर वाकलेत, कमरेवर हात ठेवून…

नव्वद दिवस मी इतका आनंदात कधीच नव्हतो. मंगळवारी सरांना चहा करून द्यायचो. वर विचारायचो, साखर अजून देऊ? वल्लरीला वाटलं, मला समज आली. आई म्हणाली, अंगावर मांस धरतोय. नव्वदच दिवस, मी म्हणायचो, नव्वद दिवसांत एकतर पिशवी माती होईल नाहीतर सर.

नव्वदावा दिवस. पार्किंगमागचा खड्डा. वीस-पंचवीस माणसं, सगळी साठीच्या वरची, कारण त्या इमारतीत त्याखालचं कुणी राहतच नाही, ती सगळी परदेशात. नागोराव शेठ पांढरे बूट घालून आलेले. सरांनी भाषण केलं. 'आमच्या प्रक्रियेमुळे…' आमच्या! मी म्हटलं, बोला, बोला, मनमुराद बोला. फावडं माझ्याच हातात होतं. पहिला घाव घातला. माती. दुसरा. माती, केळ्याची साल, अंड्याचं टरफल… सदाशिव पेठेत अंड्याचं टरफल, पण तो वेगळा विषय. मी खणतोय, खणतोय, गुडघाभर गेलो, कमरेइतका गेलो, तुम्हाला सांगतो, एक पिशवी नाही! एक तुकडा नाही, एक हिरवं पान नाही. काळीभोर, भुसभुशीत माती. नागोराव शेठांनी मूठभर उचलून वास घेतला. टाळ्या वाजल्या. मी खड्ड्यात उभा, आणि वर सर.

आता मला सांगा, प्लॅस्टिक गेलं कुठं? चारशे वर्षं न कुजणारं प्लॅस्टिक सदाशिव पेठेनं तीन महिन्यांत पचवलं? मला घेरीच आली. कुणीतरी म्हणालं वर जाऊन पाणी पी. दुसरा मजला, सरांचं घर, काकूंनी दार उघडलं, मी पाणी पिता पिता गॅलरीत बघितलं आणि पाणी नाकात गेलं.

दोरीवर पिशव्या. माझ्या. शहाबाजच्या. धुऊन, उलट्या करून, चिमटे लावून, एका ओळीत वाळत घातलेल्या. मी म्हटलं, काकू, या कचऱ्यात टाकायच्या होत्या. काकूंनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी सोनं नाल्यात टाक म्हणालोय. "इतकी चांगली पिशवी टाकतं का कुणी? तुझी आई टाकते?" मी काय सांगू? आमच्या आईनं दुधाची पिशवीसुद्धा जन्मात टाकलेली नाही, कात्रीनं कोपरा कापायचा, तोही कापून वेगळा करायचा नाही, लटकता ठेवायचा, धुवायची, ओट्यामागच्या फरशीला चिकटवून वाळवायची. सगळ्या इमारतीनं तेच केलं होतं. कचरा सुटा टाकला बादलीतून, पिशव्या ठेवल्या गादीखाली, आणि तक्त्यावर टिक केली, कारण हजेरी भरायला हवी! काकू वर हळूच म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस, ह्यांना वाटतं मी टाकल्या.

मी दोरीवरची एक ओढली आणि धावत खाली आलो. म्हटलं, थांबा शेठ, ही बघा पिशवी. खड्ड्यात एकही गेलेली नाही. सगळ्या घरात आहेत, धुऊन ठेवल्यात. तीन महिने झाले, हिला काहीही झालेलं नाही. असं म्हणून मी सरांकडं बघितलं. आता, म्हटलं, आता होतोय माती. सरांनी पिशवी हातात घेतली. उजेडात धरली. ताणली. चष्मा वर केला. आणि शेठांकडं वळून म्हणाले…

"पाहिलंत? धुऊन वापरा, तीन महिने टिकते. मातीत गेली की मागमूस राहत नाही. दुहेरी गुणधर्म."

दुहेरी! शेठांनी पिशवी घेतली, स्वतः ताणली, म्हणाले, हे आवडलं बुवा आपल्याला. आणि मागून एक आजोबा म्हणाले, आमच्याकडे अकरा आहेत, दाखवू का? लागली की हो सगळी इमारत आपापल्या गादीखालच्या पिशव्या आणायला! कुणी लाजेना, कुणी विचारेना की मग तक्त्यावर टिक कसली केली. मी ओरडलो, अहो, ते प्लॅस्टिक आहे! मी बदललंय! मी स्वतः! सर हसले. रागावले नाहीत हो, हसले, ते जास्त लागलं. पस्तीस वर्षं पॉलिमर शिकवलं म्हणे, प्लॅस्टिक मला हाताला कळणार नाही? आणि शेठांना हळूच सांगितलं, हुशार आहे मुलगा, पण शिक्षण अर्धवट राहिलं, त्याचा सल आहे मनात.

सल! मी काडेपेटी काढली. साधी परीक्षा आहे, आमची पिशवी जाळली तर करपलेल्या पापडाचा वास येतो, प्लॅस्टिक जाळलं तर विझलेल्या मेणबत्तीचा. पेटवली कोपऱ्याला. काळा थेंब टपकला, मेणबत्तीचा वास सुटला. सर तोवर कुणाच्या तरी हाताचा पेढा खात होते. शेठ पेढा देणाऱ्याशी बोलत होते. वास फक्त एकीला आला. वल्लरीला. तिनं थेंबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग शेठांच्या पाठीकडं. मला वाटलं, आता ही बोलेल. दोन वर्षं स्वतःचा पगार न घेतलेली बाई आहे ती. माझ्या जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "अभय, काडी विझव."

विझवली. काय करणार?

इथपर्यंतही चाललं असतं. पण येरवड्यात, आमच्या सोसायटीत, मी खरी पिशवी वाटली होती. माझी, चांगली, पिठीची, इमानदार पिशवी. आणि तिथं तरी लोकांनी खड्ड्यात टाकली असेल ना? येरवडा काय लंडनमध्ये आहे? त्यांनीही धुतली, वाळवली, ठेवली! फरक एवढाच, की ही खरी होती. दहा धुण्यांत तिनं जीव सोडला. कुणाच्या डाळीत पापुद्रे पडले, कुणाच्या रेशनकार्डाला लगदा चिकटला. आमच्या आईनं आम्रपालीचा साखरपुड्याचा शालू गुंडाळून ठेवला होता, ओल्या कचऱ्याच्या पिशवीत, धुतलेल्या, हो, धुतलेल्या! शालूभर पांढरा चुरा. झाली सोसायटीची मीटिंग. आणि बाबांनी, सेक्रेटरी या नात्यानं, लेखी तक्रार केली. 'महोदय, आपल्या पिशव्या टिकत नाहीत.' टिकत नाहीत! अहो, मरणं हेच तिचं काम आहे! ती एकटी या सगळ्यांत दिल्या शब्दाला जागली! मी म्हटलं, बाबा, निदान घरात बोलायचं, मी इथंच बसतो ताटावर. तर म्हणाले, घरातलं बोलणं तोंडी झालं, तक्रार लेखी असते.

आता दोन चाचण्या, एक सूत्र. सदाशिव पेठेत पिशवी अमर, येरवड्यात चुरा. दोष कुणाचा? सूत्राचा कसा असेल, सूत्र सरांचं! राहिला मशीनवाला. सरांनी उत्तर सांगितलं, वल्लरीनं टाइप केलं. माझ्याकडं न बघता. वर आता नागोराव शेठांची ऑर्डर आलीय सातही दुकानांची, अट एकच, पिशवी 'सदाशिव पेठेसारखी' हवी. ती मी कशाची करू? शहाबाजला विचारू? रोज मशीनपाशी उभा राहतो, कंदाच्या पिठातून शंभर नंबरी प्लॅस्टिक काढायला बघतो, आणि मंगळवारी सर विचारतात, जमत नाही का रे? पिशवी होते माती. सर नाही होत, सांगितलं ना तुम्हाला, त्यांच्यात दुहेरी गुणधर्म आहे.

तर ते उत्तर घरी आलं. कंपनीचं लेटरहेड, शिक्का, तारीख. बाबांनी मोठ्यानं वाचलं. 'येरवडा येथील उत्पादनातील त्रुटीस सर्वस्वी जबाबदार : श्री. अभय तात्याराव ओव्हाळ.' थांबले. पुन्हा वाचलं, या वेळी मनात. मग एकदा नुसतीच शेवटची ओळ. मी म्हटलं, बाबा, आरोप आहे तो. म्हणाले, "वाचलं मी. नाव पूर्ण लिहिलंय."

उठले, चप्पल घातली, कागद छातीशी धरून बाहेर गेले. अर्ध्या तासानं आले ते लॅमिनेशन करून. आम्रपालीच्या डिग्रीशेजारी स्टूल ठेवलं, म्हणाले, खिळा धर. मी धरला. लावलं. मी हात लावून बघितलं हो, सवयच आहे मला. चांगलं जाड प्लॅस्टिक आहे, दोन्ही बाजूंनी. चारशे वर्षं काही होत नाही त्याला.